शून्याची घाई

३ फेब्रुवारी

मुंगे,

फाडायच्या आधी एवढं वाच: मी शुद्धीवर आहे. आज पंच्याण्णवावा दिवस. अक्षर बघ. तूच म्हणाली होतीस, "फोनवर तू काहीही बोलतेस ताई, जे सांगायचं ते लिहून पाठव, अक्षरावरून मला बरोबर कळतं." तर हे अक्षर. एकही ओळ खाली घसरलेली नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन ओळींची. दारू सुटली हे बरं झालं, पण गोळ्याही नशाच. त्या शून्यावर आल्या की बटणला, माझ्याच लेकीला, सुट्टीत माझ्याकडे पाठवशील, त्याआधी नाही. खाली सहीसुद्धा नाही. तरी मी ती चिठ्ठी पिठाच्या डब्यामागे उभी करून ठेवली आहे. येता-जाता दिसते.

गोळ्यांचं नीट सांगते, म्हणजे तुला उगाच वाटायला नको की एक सोडून दुसरं धरलं. दारू बंद केली तेव्हा अंग आतून पेटलं होतं. हात असे हलायचे की चहा बशीतच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी या गोळ्या दिल्या. आता त्यांचीही सवय व्हायला नको म्हणून उतरवायच्या, पण हळूहळू. रोज दीड गोळी चालू होती, आजपासून सव्वा. दर दोन आठवड्यांनी पाव गोळी कमी. ऑर्डरच्या कागदामागे मी तक्ता आखलाय, त्याची नक्कल सोबत पाठवते. शेवटचा चौकोन चौदा एप्रिल. त्या दिवशी शून्य.

बटणची सुट्टी वीस मार्चला लागते आणि दहा एप्रिलला संपते. चार दिवसांनी हुकतंय, मुंगे. फक्त चार.

बेकरीत मला परत घेतलंय. भट्टीवाले काका मला अजून 'लेखिका' म्हणतात. "लेखिकाबाई, आज काय छापताय?" आज सात वाढदिवस आणि एक साखरपुडा छापला. व्हॅनिलाचं इसेन्स, ज्यात अल्कोहोल असतं, आणि फळांच्या केकची रम काकांनी कपाटात कुलूपबंद केली आहे आणि किल्ली गळ्यात दोऱ्यात अडकवून फिरतात. मी म्हटलं, "काका, मंगळसूत्र शोभतंय." तर म्हणाले, "तुझ्यापायी घालतोय, निदान उखाणा तरी घे."

बटणला एवढंच सांग की आई केकवर लिहिते. बाकी काही सांगू नकोस.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

मुंगे,

आनंदाची बातमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तब्येत चांगली आहे, जरा भरभर उतरता येईल. आता दर आठवड्याला पाव. परवाच्या सोमवारपासून मी एका गोळीवर आहे. या वेगाने दहा मार्चला शून्य. सुट्टीच्या दहा दिवस आधी! नवा तक्ता सोबत आहे. जुना फाडून टाक.

आमच्याकडे माल निम्मा करायचा असला की सगळं निम्मं करतात. मैदा निम्मा, साखर निम्मी, अंडी निम्मी. मग दोन आठवड्यांचा एक का होऊ नये?

गोळी चार तुकड्यांत कापायला मी क्रीमची छोटी सुरी वापरते. बटर पेपरवर ठेवायची, पातं टेकवायचं, श्वास रोखायचा आणि दाबायचं. चारही पाव सारखे येतात. इतक्या वर्षांच्या हाताला एवढं जमणारच.

बेकरीतून दुपारी एकला सुटते. घरी येऊन आडवी पडते आणि मग स्वप्नं पडतात. दारूत कधी स्वप्नं पडायची नाहीत, नुसता काळा पडदा. गोळ्यांतही नाही. आता जशी गोळी उतरते तशी स्वप्नं वर येतात, जणू इतके दिवस कुणीतरी त्यांच्यावर झाकण ठेवलं होतं. काल दिसलं की माझ्या खोलीत गुडघाभर पाणी आहे, कोमट, आणि त्यात खुर्च्या हळूहळू तरंगतायत. मला जराही भीती वाटली नाही. मी एक खुर्ची ओढून घेतली, बसले आणि खिडकीपर्यंत वाहत गेले. खाली रस्त्यावरही पाणीच. सायकल दुरुस्तीवाला पाण्याखाली बसून चाकात हवा भरत होता आणि प्रत्येक बुडबुडा वर येऊन माझ्या खिडकीशी फुटत होता.

जागी झाले तर खरंच खाली पंप चालू होता. ऊन भिंतीवर आलं होतं. कितीतरी वेळ मला कळेना की मी कुठल्या बाजूला आहे.

ही तक्रार नाही. छान वाटलं.

ताई

२६ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र! यावेळी पाच ओळी आणि खाली 'मुंगी'. शनिवार बावीस मार्चला तू बटणला घेऊन येणार आणि जवळजवळ तीन आठवडे ठेवणार. मी ते पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता खोलीत एक तरी धड पलंग आण, नाहीतर पोरगी म्हणेल आई पोत्यावर झोपते." पलंग आणला. चादर निळी घेतली. तिला निळा अजून आवडतो ना? की बदललं? सहा महिन्यांत काय काय बदललं असेल.

मी अर्ध्यावर आहे. सगळं ठरल्याप्रमाणे.

हल्ली सगळे आवाज जवळ आले आहेत. फ्रीज सुरू होतो तो माझ्या कानात. क्रीम फेटायचं मशीन लावलं की दातांत कळतं. काल दुकानातल्या काचेवरून कुणीतरी नुसतं बोट फिरवलं आणि माझ्या पाठीवर काटा आला. रंगही जास्तच रंगीत दिसतात. गुलाबी क्रीमकडे बघवेना, इतकं गुलाबी. असं होतं म्हणे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही अजून, त्या आधीच कमी बोलतात, उगाच पाल्हाळ कशाला.

स्वप्नात बाबा आले. बेकरीच्या काउंटरवर उभे, ओल्या केसांचे, तेच राखाडी स्वेटर. म्हणाले, "एक किलोचा द्या." मी विचारलं, "नाव काय लिहू?" ते आठवायला लागले. मागे रांग वाढत गेली, पार रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि कुणीही घाई करत नव्हतं. सगळे शांत उभे, बाबांना आठवेपर्यंत. माझ्या हातातला लिहायचा कोन गरम झाला, क्रीम वितळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बाबा म्हणाले, "राहू दे, तसाच द्या."

तुझ्या स्वप्नात येतात का गं? तुझ्याशी तरी नीट बोलतात का?

अक्षराबद्दल विचारशील. पेन बदललंय.

ताई

८ मार्च

मुंगे,

आज थोडंच लिहिते. पाव गोळी. परवा शून्य.

झोप तुकड्यातुकड्यांनी येते, गोळीसारखीच. दुपारी डोळा लागतो आणि वाटतं, मी उठले, तोंड धुतलं, चप्पल घातली, जिना उतरले, आणि मग खरंच जाग येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. काल तीनदा उठले. चौथ्यांदा चप्पल घालताना तिला हात लावून पाहिला की ही खरी का.

काका म्हणाले, "लेखिका, तू हल्ली इथे असतेस का नुसती येऊन जातेस?"

मी म्हटलं, "हजेरी लावते ना, मग?"

"कोन धर बघू." धरला. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. "डॉक्टरनं हाच वेग सांगितला का?"

"हो."

"लिहून दिलाय?"

मी म्हटलं, "काका, भट्टी बघा, करपेल."

बटणला कुठली गोष्टीची पुस्तकं आवडतात ते कळव. पलंगाला फळी ठोकून घेतली आहे.

ता.

१५ मार्च

मुंगे,

हे पत्र बसून वाच. आणि आधी हे वाच की मी बरी आहे, जिवंत आहे, दारू प्यायलेली नाही. आता बाकीचं.

डॉक्टरीणबाईंनी वेग कधीच वाढवला नव्हता. वेग मी वाढवला. त्या प्रत्येक भेटीत विचारायच्या, "किती चालू आहे?" आणि मी त्यांच्या तक्त्यातला आकडा सांगायचे. तुला माझ्या तक्त्यातला आकडा लिहायचे. उरलेल्या गोळ्या एका रिकाम्या डबीत टाकत होते. म्हणजे तुला एक खोटं, त्यांना दुसरं, आणि दोन्हीच्या मधे मी एकटी, स्वतःवर भलतीच खूश.

सोमवारी दहा तारखेला शून्य केलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. इतकं काहीच झालं नाही की मला हसू आलं.

मंगळवारी एका निवृत्त होणाऱ्या साहेबांचा केक होता. दोन किलो, चौकोनी, पांढरा. लिहायचं होतं, 'सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा'. मला पक्कं आठवतं की मी तेच लिहिलं. 'र्दि'ची वेलांटी छान बसली म्हणून स्वतःशी मान डोलावली, डबा बांधला, दिला. संध्याकाळी दुकानात फोन आला. कुणीतरी खूप हसत होतं आणि मागे आणखी दहा जण हसत होते. म्हणे, "अहो, हे बटण कोण? केकवर लिहिलंय, 'बटण, लवकर ये'. आमचे साहेब म्हणतायत, मी तर आज चाललोय, आणि हे लोक लवकर ये का म्हणतायत?"

त्यांना गंमत वाटली. केक खाल्लाही त्यांनी. मी मात्र फोन ठेवून तशीच उभी राहिले. दारूतसुद्धा माझ्या हातून कधी चुकीचं अक्षर गेलं नव्हतं. तुला माहीत आहे, तोच तर माझा तोरा होता.

बुधवारी सकाळी हात थांबेनात. घाम, आणि छातीत काहीतरी सारखं वर-खाली पळतंय. भिंती श्वास घेत होत्या असं लिहिलं तर तुला नाटक वाटेल, पण घेत होत्या. मला एवढंच कळत होतं की हे थांबवायचं एक औषध मला माहीत आहे आणि ते काकांच्या गळ्यात आहे.

मी गेले आणि म्हटलं, "काका, किल्ली द्या. स्पंजसाठी व्हॅनिला पाहिजे."

"मी काढून देतो."

"मला काय लहान पोर समजता का?"

तेवढ्यात भट्टीतून ट्रे काढायची वेळ झाली. दोन्ही हातांत जाड हातमोजे, समोर चाळीस पाव. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, आणि मान वाकवली. मी दोरा त्यांच्या डोक्यावरून काढून घेतला. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून नाही, मुंगे. हात अडकलेले होते म्हणून.

बाटलीचं झाकण उघडलं. तो वास किती गोड असतो ते मी तुला काय सांगू. बाटली ओठाला लावली. जिभेला लागलं, भाजलं. गिळलं नाही. सिंकमध्ये थुंकले आणि नळ सोडला. का थुंकले ते मला खरंच माहीत नाही. चांगुलपणा म्हणून नसावं. बावीस तारीख डोळ्यासमोर आली असंही म्हणता येत नाही, डोळ्यासमोर काहीच नव्हतं, फक्त नळाचं पाणी, आणि ते फार सावकाश पडत होतं.

त्यानंतरचं मला काकांनी सांगितलं. मी ताठ झाले आणि पडले. अंगाला झटके आले, जीभ चावली गेली. त्यांनी मैद्याचं रिकामं पोतं माझ्या डोक्याखाली सारलं, मला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत राहिले, कारण त्यांच्या भावाला झटके यायचे आणि किती मिनिटं ते डॉक्टर विचारतात हे त्यांना ठाऊक होतं. दोन मिनिटं. त्या दिवशीचे सगळे पाव करपले.

मला आठवतं ते इतकंच: मी कुठेतरी अगदी हलकी पडून होते, वरून पांढरी पूड पडत होती, आणि तू मला हाका मारत होतीस, लहानपणीच्या आवाजात. मी उत्तर देत होते पण तोंडातून नुसती पूड येत होती. किती सुंदर होतं ते, आणि मला तिथून यायचं नव्हतं, हेही तुला सांगून टाकते.

दोन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाई पलंगाशेजारी बसल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "दारूनंतर या गोळ्या अशा घाईने काढल्या की मेंदू पेटतो. तुम्ही मेला असतात. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

मी म्हटलं, "मुलीची सुट्टी आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते," त्या म्हणाल्या. "त्याचेच तर मला पैसे मिळतात."

मग थोड्या वेळाने, "व्हॅनिला गिळलंत का?"

"नाही."

"हेही तक्त्यातलं उत्तर आहे का?"

मी रडले तेव्हा. पहिल्यांदाच. डबी त्यांच्या हातात दिली. आता मी परत एका गोळीवर आहे, सकाळी अर्धी, दुपारी चारला अर्धी, आणि औषध एका वेळी आठ दिवसांचंच मिळतं. पुढे कधी आणि किती कमी करायचं ते झोप आणि हात बघून त्या ठरवणार. तक्ता नाही. शून्याची तारीख नाही. मी दोनदा विचारली, दोन्ही वेळा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

काकांना निम्म्या मालाची माझी अक्कल सांगितली तर कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, माल निम्मा केला म्हणून भाजायचा वेळ निम्मा होतो का? इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून हेच शिकलीस?"

तर असं आहे. बावीसला मी शून्यावर नसेन. तुझी अट मी पाळू शकले नाही, आणि पाळण्यासाठी तुझ्याशी खोटं बोलले. बटणला आणू नकोस असं लिहायला मला चार दिवस लागले. आज लिहिलं.

ताई

२ एप्रिल

मुंगे,

तुझं उत्तर आलं. चार पानं. मी ते पलंगावर, निळ्या चादरीवर बसून वाचलं, आणि मग पुन्हा बेकरीत पिठाच्या पोत्यांवर बसून. काकांना सगळं वाचून दाखवलं नाही, फक्त एक तुकडा. तोच इथे उतरवून काढते, म्हणजे तुला कळेल की मी कुठे थांबले:

"ताई, मी शून्य लिहिलं तेव्हा मला त्या गोळ्यांतलं काही कळत नव्हतं. मला असा एक आकडा हवा होता की त्यानंतर मला घाबरावं लागणार नाही. मी बटणला माझ्याकडे आणलं त्या दिवशी ती शाळेतून आली आणि तू आतून कडी लावून पडली होतीस. चार तास ती जिन्यात बसली. मी पोचले तेव्हा तिने पाटीवर पाढे लिहून ठेवले होते, सतरापर्यंत. रडली नव्हती. मला म्हणाली, 'मावशी, हळू बोल, आई झोपली आहे.' ते मला अजून विसरता येत नाही. तुझ्या अटीत मी माझी भीती घातली आणि तू त्यात जीव घालवणार होतीस. डोक्याने माझ्याइतकीच मूर्ख आहेस."

पाढ्यांचं मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. सतरापर्यंत.

तू लिहितेस की तिला एकटीला माझ्याकडे ठेवायची तुझी अजून हिंमत नाही. ठीक आहे. राग नाही आला. खरं म्हणजे आला, भांडी घासताना आला, मग गेला. तू लिहितेस, तू बरोबर येशील, एक दुपार. आणि नवी अट: गोळी तिच्यासमोर घ्यायची, लपवायची नाही, कारण लपवलेलं तिला आधी दिसतं.

ही अट जड आहे, मुंगे. शून्य सोपं होतं. शून्यात तिला काहीच दाखवावं लागणार नव्हतं.

पण ये. बारा एप्रिल, शनिवार. चारच्या आधी.

स्वप्नं आता कमी झालीत. काल फक्त एक मोठं मैदान दिसलं, त्यावर कुणीतरी ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या, आणि मी त्यांच्यामधून चालत होते. कुणी हाक मारली नाही. वारा होता.

ताई

१३ एप्रिल

मुंगे,

तुम्ही बसमध्ये बसलात तेव्हा मी हात हलवत राहिले आणि बस हललीच नाही. दहा मिनिटं. शेवटी बटण खिडकीतून ओरडली, "आई, पुरे! हात दुखेल!" सगळी बस हसली. मीही.

तिचे पुढचे दात आले. उंच झाली. आल्या आल्या तिने सगळी खोली तपासली ते तू पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मीही पाहिलं. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, मग टेबलावरचा माझा पेला उचलून नाकाशी नेला. तू "बटण!" म्हणून ओरडलीस. बरं झालं मी तुला थांबवलं.

मी म्हटलं, "घे वास. पाणी आहे."

"पाण्याला वास नसतो," ती म्हणाली.

"म्हणूनच."

तिने पुन्हा हुंगलं, पेला जागेवर ठेवला आणि तोंड पुसलं, जणू प्यायली तीच.

मग चार वाजले. माझ्या छातीत पुन्हा ते पळायला लागलं, पण हे वेगळं होतं, गोळीचं नव्हतं. मी डबी काढली, बटर पेपर काढला. गेल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी एकावरून पाऊणवर आणलंय, म्हणजे दुपारी नुसती पाव. ती टेबलाला हनुवटी टेकवून बघत होती.

"एवढीशी? हा तर चुरा आहे."

"एवढीच लागते."

"मग नकोच घेऊ ना."

"एकदम नाही घेतली तर पडते मी. मागच्या महिन्यात पडले होते."

तिने तुझ्याकडे पाहिलं, हे खरं का म्हणून. तू मान हलवलीस. मला वाटतं, त्या वेळी आपण तिघी पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

"उद्या किती?" तिने विचारलं.

"उद्याही एवढीच."

"परवा?"

"परवाही."

"कंटाळा नाही येत?"

"येतो."

तिने हनुवटी उचलली. मग म्हणाली, "मला पण गणिताचा येतो," आणि मी गोळी गिळली. खाली सायकलवाल्याचा पंप चालू झाला.

नंतर ती पलंगावर लवंडली आणि दोन मिनिटांत झोपली, बुटांसकट. तू आणि मी ओट्याशी उभ्या राहून हळू आवाजात भांडलो, ते मला फार आवडलं. तू म्हणालीस मी वाळले, मी म्हटलं तू सुटलीस, तू म्हणालीस तोंड सांभाळ. मधेच मी वळून पाहिलं तर ऊन तिच्या पोटरीपर्यंत आलं होतं. एक क्षण मला वाटलं की आता मी उठेन, चप्पल घालीन, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी ओट्याची कड घट्ट धरली. गार होती. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बघतेय."

जाताना तू विचारलंस, पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार चालेल का. मी म्हटलं, "बघते, कळवते," जणू माझ्याकडे भेटायला येणाऱ्यांची रांग लागली आहे. घाबरले होते. तोवर आणखी पाव कमी करून दाखवू असं क्षणभर मनात आलं, म्हणून.

चालेल. या दोघी. आणि आत्ताच सांगून ठेवते, त्या शनिवारीही मी बहुतेक पाऊणवरच असेन.

ताई